सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) रिग, म्हणजे लाईनच्या टोकाची जोडणी: स्विव्हल, गळ, क्लिप असं बारीक सामान कसं पारखून घ्यावं?

पवनाकाठ

गेल्या रविवारी पवनेच्या फुगवट्यावर पहाटेपासून बसलो होतो. साडेनऊच्या सुमारास उजव्या रॉडचं रीळ कर्रकर्र करत सुटलं. मासा आधी सरळ आत गेला आणि मग डावीकडे वळला, तिथे पाण्याखाली बुडालेली झाडं आहेत. त्याला तिकडे जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून मी ड्रॅग (रिळाचा ब्रेक) जरासा आवळला आणि एकदम हात हलका झाला.

लाईन गुंडाळून आणली. टोकाला स्विव्हलचं (लाईन आणि गळाची दोरी जोडणारा फिरता दुवा) अर्धं अंग लटकत होतं, दुसऱ्या बाजूचा तारेचा डोळा पिंपातून, म्हणजे मधल्या नळीतून, उपसून गेलेला. लाईन शाबूत, माझी गाठ शाबूत. शिशाचं वजनही माझ्याकडेच राहिलं, कारण ते वरच्या बाजूला सरकतं ठेवलं होतं. म्हणजे माशाच्या ओठात गळ आणि वीतभर दोरी राहिली. तो मासा सायप्रिनसच होता, मी त्याची पाठ एकदा वर आलेली पाहिली. त्याचं वजन किती असेल हा विचार आता नको वाटतो. ओठातला गळ मात्र डोक्यातून जात नाही.

रॉड आणि रीळ घेताना मी दोन महिने चौकशी केली होती. स्विव्हल घेताना दोन मिनिटंही नाही. दुकानदार म्हणाला, "सगळे सारखेच असतात." पाकिटात बारा आले, खिशात टाकले.

जाणकारांना विचारायचंय. स्विव्हल, स्नॅप, गळ, मणी, रबरी नळ्या, शिशाची क्लिप या सामानात चांगलं-वाईट घरी बसून कसं ओळखायचं? कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही? माझी लाईन १५ पौंडाची आहे, आमिष कणकेची गोळी किंवा मका, आणि तळ दगडी आहे.

सदा_उजनी

दादा, वाईट झालं. पण मासा मरत नाही लगेच. ओठातला गळ बऱ्याचदा निघून जातो, फक्त पोटात गेलेला नको.

आमच्याकडं स्विव्हल वापरायला लागून फार वर्षं नाही झाली. आमचे आण्णा अजून तंगूस (नायलॉनची दोरी) सरळ गळाला बांधतात. सामान जितकं कमी तितक्या तुटायच्या जागा कमी, असं त्यांचं म्हणणं.

लेथवाले_काका

पवनाकाठ, तुम्ही ते अर्धं अंग फेकून दिलं नसेल तर भिंगातून बघा. मी चाळीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली आहेत, तेव्हा धातूपुरतं सांगू शकतो.

स्विव्हलचं पिंप म्हणजे एक छोटी नळी. तिच्या दोन्ही तोंडांतून तारेचे डोळे बाहेर येतात. तारेचं आतलं टोक ठोकून जाड केलेलं असतं, खिळ्याच्या डोक्यासारखं. पिंपाचं तोंड दाबून अरुंद करतात, म्हणजे ते डोकं बाहेर येत नाही. सगळा भार या एवढ्याशा खांद्यावर. स्वस्त मालात तीन गोष्टींपैकी एक तरी बिघडलेली असते: डोकं पुरेसं जाड नसतं, पिंपाचं पितळ फार पातळ असतं, किंवा तोंड एका बाजूला जास्त दाबलेलं असतं. तुमच्याकडचं पिंप तोंडाशी फुलासारखं उमललेलं असेल तर पितळ पातळ होतं. पिंपाचं तोंड गोल शाबूत असेल तर तारेचं डोकं बारीक होतं.

तपासणी अगदी सोपी आहे. सामान मोजायचा जो हातकाटा मिळतो (प्रवासाची बॅग उचलून बघायचा), तो घ्या. स्विव्हलचा एक डोळा भिंतीतल्या मजबूत हुकात आणि दुसरा काट्यात अडकवा. डोळ्यावर चष्मा हवाच, निसटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा येतो. हळूहळू ओढा. तुमची लाईन १५ पौंडाची, म्हणजे ६.८ किलो. स्विव्हल त्याच्या वर, निदान १० किलोपर्यंत, न कुरकुरता राहिला पाहिजे. हातकाटा नसेल तर बादलीत पाणी मोजून भरा, एक लिटर म्हणजे एक किलो. बादली जमिनीपासून चार बोटंच वर राहील असं बघा.

आणि ओढ धरलेली असतानाच तो बोटानं फिरवून बघा. भाराखाली न फिरणारा स्विव्हल म्हणजे नुसता जोडदुवा. पीळ काढायचं त्याचं कामच होत नाही.

गरीवाला

काका, सुंदर समजावलंत. बादलीची युक्ती लगेच करून बघणार.

आमच्या मालवणात गळाला गरी म्हणतात आणि मासे धरायला जाणं म्हणजे गरवायला जाणं. खाऱ्या पाण्याचा अनुभव सांगतो: पितळी स्विव्हल हिरवा पडला की टाकून द्यावा. पुसून चमकवला तरी आतल्या डोक्यापाशी जे खाल्लं गेलंय ते दिसत नाही. धरणाच्या गोड पाण्यात एवढा त्रास नाही, पण ओलं सामान डबीत बंद करून ठेवलं तर तिथेही गंज धरतो. औषधांच्या बाटलीत ती छोटी पुडी येते ना, ओल शोषणारी, ती मी गळांच्या डबीत टाकतो.

वर्षा_मुळशी

मूळ धाग्यातला माशाच्या ओठातल्या गळाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. सामान निवडताना "किती मजबूत" एवढंच आपण विचारतो. "तुटलं तर कुठे तुटेल" हा दुसरा प्रश्न तितकाच मोठा आहे.

मी रिग बांधताना क्रम असा ठेवते: मुख्य लाईन सगळ्यात मजबूत, गळाची दोरी तिच्यापेक्षा थोडी कमी, आणि शिसं बांधलेला दुवा सगळ्यात कच्चा. गळ अडकला तर फक्त गळाची दोरी जाते. शिसं अडकलं तर फक्त शिसं जातं. आणि मुख्य लाईनच तुटली तरी माशाला शिसं ओढत हिंडावं लागत नाही, ते सुटून पडतं. हा क्रम उलटा झाला तर तुटलेली रिग म्हणजे माशाच्या गळ्यातलं लोढणं.

टेम्सकिनारी

वर्षाताईंशी शंभर टक्के सहमत. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि गेली नऊ वर्षं इथल्या तळ्यांवर कार्प धरतो. इथे पकडलेला कार्प पाण्यात परत सोडतात. त्यामुळे तुटलं तर कुठे तुटेल हा विचार पहिला होतो. बऱ्याच तळ्यांच्या नियमांतच असतं की शिसं सुटलं पाहिजे. काही ठिकाणी टोकामागचा उलटा काटा नसलेलाच गळ लागतो.

शिशाच्या क्लिपबद्दल. ही प्लास्टिकची असते, तिच्या दांडीवर शिसं अडकवतात आणि वरून रबरी टोपी सरकवतात. शिसं दगडात अडकलं की दांडीवरून टोपी मागे सरकते आणि शिसं निसटतं. इथे सगळे एक चूक करतात: टोपी जोरात दाबून बसवतात. मग क्लिप असून नसल्यासारखी. टोपी दांडीच्या पहिल्या एक-दोन खाचांपर्यंतच हवी. घरी शिसं हातात धरून झटका द्या. सुटत नसेल तर टोपी सैल करा. क्लिपमध्ये स्विव्हल मात्र घट्ट बसला पाहिजे. तो डुगडुगत असेल तर क्लिप आणि स्विव्हल एकमेकांच्या मापाचे नाहीत. म्हणून हे दोन्ही एकाच कंपनीचे घ्यावेत असं माझं मत. कार्पसाठी साधारण ८ नंबरचा स्विव्हल चालतो. नंबर जसा वाढतो तसा आकार लहान होतो, हे नवीन लोकांसाठी.

अवांतर: ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या (म्हणजे एक औंस) शिशाच्या वजनांवर बंदी आहे. हंस ती खड्यांबरोबर गिळायचे आणि विषबाधा होऊन मरायचे. कार्पसाठी लागतात ती दोन-तीन औंसांची वजनं शिशाचीच असतात, पण बारीक छर्रे आता दुसऱ्या धातूंचे मिळतात.

पवईचा_जुना

लोक शिशाचा छर्रा लाईनवर दातानं दाबून बंद करतात, ते आधी थांबवा. शिसं विषारी आहे. त्यासाठी साधा चिमटा मिळतो.

आता जरा विरुद्ध बोलतो. पवईला मी पंचवीस वर्षं कटला-रोहू धरतोय. आमच्याकडे पिठाचा गोळा, त्यात एकांगी (वासाची मुळी) आणि प्रत्येकाचा आपापला मसाला, आणि गोळ्यात चार-सहा गळांचा झुबका. एवढं क्लिप, टोपी, नळी काही नाही. मासे मिळतात. तुम्ही मंडळी सामानाचा फार बाऊ करताय असं वाटतं.

टेम्सकिनारी

पवईकर काका, पद्धत जुनी आहे आणि चालते यात वादच नाही. पण सायप्रिनस आणि कटला यांचं खाणं वेगळं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. सायप्रिनस तळाला तोंड लावून चिखलासकट शोषून घेतो, तोंडातच पारखतो आणि नको ते फुंकून बाहेर टाकतो. गळ आमिषाच्या आत दडवला की कडक काहीतरी लागतंय हे त्याला कळतं. म्हणून १९८०च्या आसपास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळात न ओवता गळाशेजारी केसावर लटकवलं. सुरुवातीला खरोखरच माणसाचा केस बांधला होता, म्हणून ती हेअर रिग. मासा आमिष शोषतो, मोकळा गळ मागोमाग आत जातो, फुंकताना खालच्या ओठात रुततो. एकच गळ आणि तोही ओठात. सोडवायला दहा सेकंद.

वर्षा_मुळशी

झुबक्याबद्दल मलाही बोलायचंय, काका रागावू नका. सहा गळांपैकी एक तोंडात लागतो आणि उरलेले मासा झटापट करताना गालात, डोळ्याजवळ, पोटाला रुततात. एकदा मुलाच्या बोटातही गेला होता, दवाखान्यात जावं लागलं. शिवाय स्प्रिंगवर बांधून तयार मिळणाऱ्या झुबक्यांत गळ अगदी हलके असतात. मी असे दोन झुबके सोडवून बघितले. एकात दोन गळांचे डोळे पुरते मिटलेलेच नव्हते.

पवईचा_जुना

ताई, रागावण्याचं कारण नाही. डोळ्याचं म्हणताय ते मीही पाहिलंय, खोटं कशाला बोलू. तयार झुबके मी घेत नाही, गळ सुटे घेऊन स्वतः बांधतो. पुढच्या वेळी सहाच्या जागी दोन बांधून बघतो.

नवखा_नाशिक

गळाचा डोळा मिटलेला नसणं म्हणजे काय? आणि मिटलेला नसला तर काय होतं?

लेथवाले_काका

गळ तारेचा. तारेचं टोक वाकवून गोल केला की डोळा होतो. ते टोक दांडीला चिकटलं नाही तर फट राहते. फटीत दोरी सरकते, आणि कापलेल्या तारेची धार तिला कुरतडते. भिंगातून बघा किंवा त्या जागी सुती धागा ओढून बघा. धागा अडकला किंवा पिंजला तर तो गळ बाजूला.

गळाचं पोलाद हा खरा विषय आहे, जरा सविस्तर सांगतो. गळासाठी जास्त कार्बनचं पोलाद घेतात, आकार देतात, तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा बेताचं तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवतात. ही दुसरी पायरी कमी-जास्त झाली की गळ बिघडला. फार मऊ राहिला तर माशानं ओढताच उघडतो, फार कडक राहिला तर काडीसारखा मोडतो. वर मुलामा देताना आणखी एक भानगड होते. विजेच्या हौदात पोलादात हायड्रोजन शिरतो. नंतर काही तास भट्टीत ठेवून तो घालवावा लागतो. ही पायरी वगळली की दिसायला चकचकीत गळ एखाद्या दिवशी काडकन जातो. म्हणून चकाकीवरून गळ घेऊ नका.

पारख: अंगठ्याच्या नखावर टोक अलगद टेकवा आणि सरकवा. चांगलं टोक नखात लगेच अडतं, ओरखडा काढतं. घसरलं तर बोथट. मग गळ कड्यात अडकवून काट्यानं ३ किलोपर्यंत ओढा आणि सोडा. तोंड थोडं उघडून परत पहिल्या जागी आलं पाहिजे. उघडंच राहिलं तर मऊ. पाकिटातला एक गळ असा बळी द्यायचा. दहांच्या पाकिटात एक गेला तरी परवडतं.

३ किलो का? ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाला लावतात. ६.८ चा तिसरा हिस्सा म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. ड्रॅग बरोबर लावला असेल तर गळावर त्याहून फार जास्त ओढ येतच नाही. पवनाकाठ, तुम्ही "जरासा आवळला" म्हणालात. कितीवर होता हे काट्यानं मोजलं होतं का?

पवनाकाठ

नाही मोजला. हातानं ओढून अंदाज घेतला होता. आत्ता रीळ तसंच होतं म्हणून काटा लावून बघितलं, साडेचार किलोला सुटतंय. आणि काका, पिंपाचं तोंड फुलासारखंच उमललेलं आहे.

लेथवाले_काका

मग दोन कारणं झाली. पितळ पातळ आणि ड्रॅग दुप्पट.

मटका_मका

वाखु (वाचनखूण) साठवली. घरी नवीन रिळासाठी गळ घातलाय, अजून ओढ लागलेली नाही.

गरीवाला

दम धरा. आमिष बदलून बघा, एखादी साडी वगैरे.

सदा_उजनी

हसून घ्या, पण एक कामाचं सांगतो. उजनीत पाण्याखाली जुन्या बाभळी आहेत, गावांच्या भिंती आहेत. शिसं अडकणार म्हणजे अडकणार. आण्णा शिसं वापरतच नाहीत. नदीतला लांबोडका गुळगुळीत गोटा घेतात आणि तो शिवणाच्या सुती दोऱ्यानं बांधतात, दोन पदर. अडकला की दोरा तुटतो, गोटा तळाला राहतो, मासा मोकळा येतो. ती क्लिप-टोपी जे काम करते तेच काम दोऱ्यात होतं. वर तळाला शिसंही साठत नाही. दोरा नायलॉनचा घ्यायचा नाही, तो तुटत नाही. सुतीच.

टेम्सकिनारी

सदाभाऊ, हे फार आवडलं. इथेही काही जण दगड बांधतात, शिसं वाचवायला. आण्णांना माझा नमस्कार सांगा.

ब्रिस्बेनकर

आमच्याकडची उलटी गंमत. क्वीन्सलंडमध्ये कार्प ही उपद्रवी जात मानतात, पकडलेला कार्प जिवंत परत सोडणं बेकायदा आहे. मारावाच लागतो. त्यामुळे इथले लोक सामानाकडे फारसं बघत नाहीत. पण वर्षाताईंचा क्रम मी पाळतो. लाईन तुटून पाण्यात राहिली तर ती कार्पला नाही तर कासवाला अडकणार.

सदा_उजनी

कासवावरून आठवलं. भिगवणला रोहित पक्षी बघायला माणसं लांबून येतात. त्याच काठावर तंगूसाची भेंडोळी पडलेली असतात. मागच्या हिवाळ्यात एका बगळ्याच्या पायात गुरफटलेलं आम्ही कात्रीनं सोडवलं. तुटलेली लाईन खिशात घालून घरी न्या आणि बारीक कापून टाका, एवढी विनंती. आणि मच्छीमार संस्थेची पावती घेतल्याशिवाय बसू नका. पाण्यातलं माशांचं बी संस्थेनं सोडलेलं असतं.

नवखा_नाशिक

माझा प्रश्न राहिलाच. हेअर रिगसाठी काय काय विकत आणावं लागेल? दुकानात गेलो तर सुई, स्टॉपर, नळ्या, मणी, पुटी असं सगळं मिळून गळापेक्षा महाग होत होतं.

वर्षा_मुळशी

यातलं बरंचसं घरी आहे. मी काय वापरते ते सांगते.

मका किंवा छोले ओवायला बारीक क्रोशाची सुई. आमिष निसटू नये म्हणून खराट्याच्या काडीचा तुकडा, तांदळाएवढा. केस दांडीला धरून ठेवायला विजेच्या बारीक वायरवरचं आवरण, तीन मिलिमीटरचा तुकडा. गाठीवर शिसं आपटू नये म्हणून मऊ मणी लागतो, तिथे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून घालते. काचेचा किंवा कडक प्लास्टिकचा मणी नको. त्याच्या भोकाची कड धारदार असते आणि ती लाईन कापते. भोकातून कापसाचा धागा ओढून बघा, काकांनी डोळ्यासाठी सांगितलं तसंच.

विकत घ्यायचं ते एवढंच: गळ, स्विव्हल, गळाची दोरी. या तिन्हींत काटकसर करू नका.

स्नॅप शक्यतो नकोच. दाबून उघडणारा सेफ्टीपिनसारखा स्नॅप दगडाला घासून उघडतो. घ्यायचाच तर दोन्हीकडून अडकणारा घ्या. चावीच्या कड्यासारख्या दुपदरी कड्यात थेट लाईन बांधू नका, ती पदरांमध्ये शिरून कापली जाते.

छोले रात्रभर भिजवून, कुकरला नीट शिजवून मगच. कच्चे दाणे माशाच्या पोटात फुगतात.

गरीवाला

खराट्याची काडी! आमच्याकडे माडाच्या हिराची सरी वापरता येईल, चिवट असते.

टेम्सकिनारी

वर्षाताईंच्या यादीत एकच भर. गळाला दोरी बांधायची जी बिनगाठीची गाठ (नॉटलेस नॉट) आहे, तिच्यात आठ वेढे झाल्यावर दोरी डोळ्यातून पाठीकडून पुढे, म्हणजे टोकाच्या बाजूला काढायची. उलटी काढली तर गळ ओठात वळत नाही आणि लोक गळाला दोष देतात. दुसऱ्या टोकाला स्विव्हलला पालोमर किंवा युनी गाठ, आणि आवळण्याआधी गाठ ओली करायची. कोरडी आवळली की घर्षणानं तापते आणि लाईन तिथेच दुबळी होते. नायलॉनच्या गाठीजवळ पांढरट कुरळेपण दिसलं तर गाठ कापून पुन्हा बांधा.

महागड्या गोष्टींत काय टाळावं हेही सांगतो. तळाच्या रंगाची क्लिप, तळाच्या रंगाची नळी, तळाच्या रंगाचा स्विव्हल, यांवर मी पहिल्या दोन वर्षांत बराच खर्च केला. मासे तेवढेच मिळाले. गळाच्या दोरीत मात्र फरक पडतो. विणलेली दोरी मऊ असते, आमिष मोकळं हलतं, पण दगडावर ती लवकर पिंजते. तुमच्या दगडी तळावर फ्लुरोकार्बन घ्या. ती घासायला चिवट असते, पाण्यात बुडून तळाला बसते आणि कमी दिसते.

पवईचा_जुना

नकली पाकिटांबद्दल कुणी बोललं नाही. मुस्ताद, गामाकात्सु, ओनर ही नावं सगळ्यांना माहीत, म्हणून त्यांची पाकिटं छापून आत भलताच माल भरतात. ओळख अशी: एका पाकिटातले सगळे गळ एका ओळीत मांडा. खऱ्या मालात काटा एकाच उंचीवर आणि तोंड एकाच मापाचं असतं. नकलीत दहांतले दोन-तीन वेगळे दिसतात. आणि सुटा माल बरणीतून मोजून देणाऱ्याकडून गळ घेऊ नका, टोकं एकमेकांवर आपटून गेलेली असतात.

लेथवाले_काका

पवईकर, अगदी बरोबर. एकसारखेपणा हीच कारखान्याची खरी सही. स्विव्हललाही हेच लागू.

पवनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व.

सगळं करून बघितलं. जुन्या पाकिटातले उरलेले अकरा स्विव्हल काट्याला लावले. चार ५ किलोच्या आत उपसले, एक फिरतच नव्हता. बाकीचे टिकले, पण मी सगळेच भंगारात टाकले, कारण कोणता कधी जाईल हे कळणार नाही. नवीन घेतलेले ८ नंबरचे रोलिंग स्विव्हल, त्यातले दोन तपासले, दोन्ही १२ किलोला शांत. गळ ६ नंबरचे, बारीक काट्याचे. नखाची परीक्षा दुकानातच घेतली. दुकानदाराला आधी नवल वाटलं, मग त्यानं स्वतःच दुसरं पाकीट उघडून नखावर लावून बघितलं. ड्रॅग २.२ किलोला, काट्यानं मोजून. शिशाला दोन पदरी सुती दोरा.

काल पवनेला गेलो. छोले, हेअर रिग. सात वाजता पहिला सायप्रिनस. तो त्याच बुडालेल्या झाडांकडे गेला आणि मध्येच सगळं अडकलं. मी लाईन ताणून धरली, दहा-पंधरा सेकंदांत काहीतरी निसटल्याचं जाणवलं आणि मासा पुन्हा हलायला लागला. काठावर आणला तेव्हा शिसं नव्हतं, दोऱ्याचं टोक तेवढं लोंबत होतं. गळ खालच्या ओठाच्या मधोमध. ३ किलो ८०० ग्रॅम. ओल्या कापडावर ठेवून गळ काढला आणि सोडला.

दुसरा मासा नऊ वाजता लागला आणि काठाजवळ येऊन सुटला. गळ बघितला तर टोक किंचित वळलेलं. पहिल्या माशाच्या वेळी दगडाला लागलं असणार. घाईत तोच गळ परत टाकला, नखावर लावून बघितला नाही.

लेथवाले_काका

प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर नख. मी हे आधीच लिहायला हवं होतं. वळलेलं टोक कानशीनं सरळ करत बसू नका, गळ बदला.

वर्षा_मुळशी

३ किलो ८००! अभिनंदन. आणि तो सोडलात याचं जास्त.

पवनाकाठ

ताई, धन्यवाद. सदाभाऊ, सुती दोरा तुमच्या आण्णांचा. त्यांना सांगा.

सदा_उजनी

सांगितलं. म्हणाले, दोन पदर शेवाळाच्या दिवसांत कमी पडतात, फेकतानाच तुटतो. तेव्हा तीन पदर घ्यायचे. पुढच्या शनिवारी इकडं या, पावतीचं मी बघतो. गोटे आण्णा निवडून ठेवतील, छोले तुम्ही शिजवून आणा.

नवखा_नाशिक

मीही येऊ का? क्रोशाची सुई आहे माझ्याकडे.

सदा_उजनी

या की. पहाटे पाचला, भिगवण स्टेशनच्या बाहेर चहाच्या गाड्यावर.